निमूट घोडा

मुंबईच्या बोलीत 'घोडा' म्हणजे अख्खे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर. मराठीत मात्र बंदुकीचा घोडा हा तिचा एक भाग: मागे ताणला जाणारा, सुटला की पुढे आपटणारा आणि काडतुसाच्या बुडावर ठोका देणारा. भागाचे नाव पुऱ्या हत्याराला कसे पडले ते असो, पण रोज अंगावर बाळगायच्या रिव्हॉल्व्हरची पारख या घोड्यापासूनच सुरू करावी लागते. दादरमधला एखादा सराफ रीतसर परवाना काढून दुकानात जातो तेव्हा त्याच्या तोंडी प्रश्न असतात ते वेगळेच. पल्ला किती, मार किती, नळी केवढी? हे सगळे प्रश्न गोळी झाडण्याच्या क्षणाचे आहेत, आणि तो क्षण बहुतेक परवानाधारकांच्या आयुष्यात येतच नाही. दिवसाचे बारा तास, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर तेच हत्यार साडेतीन हजारांहून अधिक तास नुसते कमरेवर असते. बसताना, उठताना, जिना चढताना, कपाटात ठेवताना. म्हणून रिव्हॉल्व्हर निवडताना ते किती मारते हे शेवटी विचारावे. किती निमूट राहते, हे आधी.

निवडीला वाव किती आहे ते आधी पाहू, कारण तो फारच थोडा आहे. १९५९चा शस्त्र कायदा आणि २०१६चे शस्त्र नियम यांनी अर्धी निवड आधीच करून ठेवली आहे. ९ मिमीसारखे बोअर 'निषिद्ध' गटात येतात आणि त्यांचा परवाना केंद्रीय गृहमंत्रालयाशिवाय कोणी देत नाही. मुंबईत पोलीस आयुक्तांकडून मिळणाऱ्या परवान्यावर रिव्हॉल्व्हर घ्यायचे तर ते बहुतेक वेळा बत्तीस बोअरचेच असते. परदेशी मालाची व्यापारी आयात १९८०च्या दशकापासून बंद असल्याने जुन्या विलायती वस्तू हातोहात फिरतात आणि त्यांच्या किमती वयाबरोबर वाढतात. नव्यात मुख्य भर कानपूरच्या कारखान्यांवर. सहा काडतुसांचे, साधारण सातशे ग्रॅमचे, मधून मोडून उघडणारे जुन्या वळणाचे रिव्हॉल्व्हर. २०१४ साली आलेले, टायटॅनियम मिश्रधातूचे, पाचशे ग्रॅमचे 'निर्भीक'. आणि २०२३ साली आलेले, चक्र बाजूला उघडणारे 'प्रबल'. शिवाय इशापूरचे 'निडर', बावीस बोअरचे, जेमतेम अडीचशे ग्रॅमचे. २०१९च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला दोनच शस्त्रांची मुभा ठेवली आहे, त्यामुळे 'हे घेऊन पाहू, नाही पटले तर आणखी एक' अशी चैन इथे नाही.

आता घोड्याकडे जवळून पाहू. रिव्हॉल्व्हर दोन रीतींनी झाडता येते. अंगठ्याने घोडा मागे ताणून ठेवला तर चापाला नुसता स्पर्श पुरल्यासारखा होतो. घोडा न ताणता थेट चाप ओढला तर तोच चाप घोडा मागे नेतो, चक्र फिरवतो आणि मग घोडा सोडतो. या लांब ओढीला साधारण चार-पाच किलोंचा जोर लागतो. हा जडपणा म्हणजे बाळगणाऱ्याचे पहिले कुलूप. दुसरे कुलूप आत असते. जुन्या बनावटीच्या कित्येक रिव्हॉल्व्हरांत मिटलेला घोडा काडतुसाच्या टोपीला टेकून किंवा तिच्या अगदी जवळ असतो, आणि हत्यार घोड्यावर पडले की तो दणका थेट टोपीला बसतो. चांगल्या बनावटीत घोडा आणि काडतूस यांच्या मधे पोलादाची एक पट्टी येते आणि चाप पूर्ण ओढल्याशिवाय ती हटत नाही. ही पट्टी असून भागत नाही, ती दर वेळी जागेवर यावी लागते. १९४४ साली अमेरिकी नौदलातले एक रिव्हॉल्व्हर डेकवर पडून गोळी सुटली आणि एका खलाशाचा जीव गेला, तेव्हा ते बनवणाऱ्या स्मिथ अँड वेसन कंपनीने ही अडसर-पट्टी नव्याने घडवली. ऐंशी वर्षांनी, १ ऑक्टोबर २०२४च्या पहाटे, जुहूच्या घरात अभिनेता गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली. हत्यार ठेवताना हातातून निसटले, असे त्यांच्याकडून सांगण्यात आले. समोर ना दरोडेखोर होता ना वैरी. रोजच्या बाळगण्यातला धोका नेमका असाच, घरगुती वेषात येतो.

दुकानात ही गोष्ट तपासायला दोन मिनिटे पुरतात. चक्र उघडून सहाही घरे रिकामी आहेत याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून घ्यायची, नळी निर्धोक दिशेला ठेवायची, बोट चापापासून दूर. मग मिटलेला घोडा अंगठ्याने पुढे रेटायचा आणि बाजूने पाहायचे: टोपीवर आपटणारी टोची चौकटीतून बाहेर डोकावते का? डोकावली तर मधे अडसर नाही, किंवा झिजलेला आहे. असे हत्यार संग्राहकाच्या कपाटात शोभेल, कमरेवर नको. वारशाने आलेले तसलेच हत्यार बाळगणे भाग असेल, तर जुन्या माणसांची रीत पाळावी: सहापैकी पाचच घरे भरायची आणि रिकामे घर घोड्याखाली ठेवायचे. एक गोळी कमी होते, पण पायातली गोळी टळते.

वजनाचे गणितही असेच उलटे निघते. हलके ते बाळगायला बरे, असे वाटणे साहजिक आहे. पण धक्का हा हत्याराच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. तेच काडतूस सातशेऐवजी पाचशे ग्रॅमच्या हत्यारातून झाडले तर हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा ढोबळ हिशेबाने १.४ पट होते. परवान्यावर काडतुसे ठरावीकच मिळतात, तेव्हा सराव आधीच तोकडा. त्यात धक्क्याची धास्ती बसली की माणूस सराव टाळू लागतो. उलट सातशे ग्रॅम दिवसभर पेलायला जाड, ताठ पट्टा आणि चाप पूर्ण झाकणारे होल्स्टर लागते. नियमाप्रमाणेही हत्यार होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असले पाहिजे. दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता पश्चिम आणि मध्य रेल्वेची माणसे एकमेकांत घुसतात तेव्हा खांद्यावरची पिशवी आपल्या ताब्यात असते असे कोण म्हणेल? म्हणजे उरली कंबर. आणि कंबर म्हटली की घाम. समुद्रकाठची दमट हवा, त्यात घामातले मीठ. काळसर झिलई चढवलेल्या पोलादावर मूठ आणि चक्र यांच्या कडेला तांबूस ठिपके उठायला एक पावसाळा पुरतो. चामड्याचे होल्स्टर ओल धरून ठेवते, म्हणून रात्री हत्यार त्यातच ठेवून देणे म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवणे. रोज पुसणे आणि तेलाचा पातळ हात फिरवणे ज्याला जमणार नाही, त्याने गंजाला घोडा अडकवायची संधी दिली असेच समजावे.

यावर जाणकारांचे आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिला: पिस्तूल चपटे, कमरेवर कमी फुगते, गोळ्याही जास्त, मग रिव्हॉल्व्हर कशाला? पिस्तुलाचा फायदा खरा आहे. पण मॅगझिन काढले तरी नळीत एक गोळी उरू शकते, आणि 'रिकामे आहे' या समजुतीवर अनेक अपघात झाले आहेत. रिव्हॉल्व्हरचे चक्र उघडले की सहा घरे समोर येतात. भरले की रिकामे, यात शंका राहत नाही. वर्षातून दोनदाच सराव करणाऱ्या सामान्य परवानाधारकाला ही साधी उघडझाप पाच जादा गोळ्यांपेक्षा मोलाची. दुसरा आक्षेप: बत्तीस बोअर दुबळे. आजच्या मोठ्या काडतुसांपुढे ते सौम्य आहे, हे मान्य. पण २५ मीटर सेंटर-फायरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हेच .३२ लाँग काडतूस वापरले जाते, कारण ते अचूक आहे आणि हात हलवत नाही. ज्याचा नेम लागतो ते सौम्य काडतूस, ज्याचा लागत नाही त्या दांडग्यापेक्षा केव्हाही बरे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: जड चापाने नेम ढळतो. २४ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कमध्ये एम्पायर स्टेट इमारतीबाहेर दोन पोलिसांनी एका खुन्यावर सोळा गोळ्या झाडल्या आणि रस्त्यावरची नऊ माणसे जखमी झाली. त्यांच्या पिस्तुलांचे चाप मुद्दाम जड केलेले होते, आणि टीकाकारांनी बोट तिकडेच दाखवले. पण त्याच शहराच्या पोलीस दलाचा रँड संस्थेने २००८ साली केलेला अभ्यास सांगतो की समोरूनही गोळ्या येत असताना पोलिसांच्या शंभरातल्या अठराच गोळ्या लागत. ही तालीम घेतलेली माणसे होती. दोष एकट्या चापाच्या माथी मारता येत नाही. भीतीने थरथरणारा हात हलक्या चापावरही थरथरतो, आणि वर नको तेव्हा गोळी सोडून बसतो. या आकड्याचा दादरसाठी अर्थ गंभीर आहे. 'प्रबल'च्या जाहिरातीत पन्नास मीटर पल्ला अभिमानाने सांगितला गेला. रानडे रोडवर किंवा फूलबाजारात पन्नास मीटरमध्ये किती माणसे उभी असतात, ते एकदा थांबून मोजावे. तिथे चुकलेल्या प्रत्येक गोळीला कोणाचे तरी अंग आहेच.

मग बाळगावेच कशाला, असा शेवटचा प्रश्न उरतो. सिद्धिविनायकाच्या दारात, मॉलमध्ये, न्यायालयात मेटल डिटेक्टर आहे. निवडणूक आली की हत्यार जमा करायची नोटीस येऊ शकते. बहुतेक नोकरदारांसाठी 'बाळगू नये' हेच उत्तर शहाणपणाचे. पण रोख आणि सोने घेऊन ठरलेल्या वाटेने जाणारा किंवा खंडणीच्या धमक्या आलेला माणूस या शहरात कल्पनेतला नाही, आणि कायदा त्याला स्वसंरक्षणाचा हक्क मर्यादेत देतो. त्या मर्यादेची तपासणी पुढे न्यायालयात होते, आणि तिथे साक्ष द्यायला घोडा-चापही येतात. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या गाजलेल्या खून खटल्यात बचाव असा होता की २७ एप्रिल १९५९च्या झटापटीत गोळ्या आपोआप सुटल्या. सरकारी तज्ज्ञाने सांगितले की या रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक गोळीसाठी चाप वेगळा ओढावा लागतो. गोळ्या तीन होत्या, आणि नोव्हेंबर १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाताची सबब फेटाळली. जड, लांब ओढीच्या चापाचा शेवटचा गुण हाच. त्यातून सुटलेली गोळी कोणाची होती याबद्दल संशय राहत नाही, ओढणाऱ्याच्याही मनात नाही. ज्याला ही जबाबदारी नको असेल, त्याने दुकानात पल्ला विचारण्याआधीच मागे फिरावे.