गिरणी इथं, कोळसा चंद्रपुरात

तायांनो, गटाच्या गिरणीचं बटण दाबलं की वीज हजर! पण ती येते कुठून?

देशातल्या दर १० युनिटांपैकी सुमारे ७ युनिट कोळशातून येतात. महानिर्मितीचं सर्वांत मोठं औष्णिक केंद्र चंद्रपुरात आहे, २९२० मेगावॅटचं. तिथं कोळसा पिठासारखा दळून जाळतात. पाण्याची वाफ होते, वाफेनं चक्र फिरतं, वीज बनते. दिवस मावळला की सौर वीज थांबते, मग मोठा भार कोळशावरच.

एका युनिटमागे अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. त्याची राख-धूळ जवळच्या गावांतल्या बाया सोसतात.

१०० वॅटचा जुना बल्ब १० तासांत एक युनिट खातो. ९ वॅटचा एलईडी तेवढ्यात १०० तासांहून जास्त चालतो. पुढच्या बैठकीत विचारा, जुना बल्ब अजून कुणाकडे आहे?