रांजणातील वैरी

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात शिरूर व दौंड हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. शिरूर हे गाव घोड नदीच्या काठी, तर दौंड भीमेच्या काठी वसलेले आहे. नद्या जवळ असल्या, तरी हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. येथील पाऊस बेताचा आणि लहरी. त्यामुळे पाणी जपून ठेवण्याची सवय येथील माणसांच्या अंगी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. अंगणात रांजण, न्हाणीपाशी पिंप, गोठ्याजवळ हौद असे पाण्याचे साठे घरोघरी दिसतात. ही सवय चांगलीच होय. परंतु साठवलेल्या पाण्याकडे दुर्लक्ष झाले, तर त्याच पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो.

डास म्हटले, की गटारे व डबकी डोळ्यांपुढे येतात. डेंग्यूच्या डासाची तऱ्हा मात्र निराळी आहे. शास्त्रज्ञ त्याला एडिस इजिप्ती असे म्हणतात. तो रंगाने काळा असून त्याच्या अंगावर व पायांवर पांढरे पट्टे असतात. त्याला माणसाच्या घरातील स्वच्छ, साचलेले पाणी आवडते. तो दिवसा चावतो. विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी. चावते ती केवळ मादी, कारण अंडी तयार होण्यासाठी तिला रक्ताची गरज असते. शत्रू घरच्या रांजणात आणि शोध मात्र गावच्या गटारात! काखेत कळसा आणि गावाला वळसा, ती ही गत.

डेंग्यू हा विषाणूमुळे होणारा रोग आहे. तो डासांमार्फत पसरतो, हे ऑस्ट्रेलियातील डॉक्टर थॉमस बँक्रॉफ्ट यांनी 1906 साली दाखवून दिले. डेंग्यूच्या रोग्याला मादी चावली, म्हणजे रक्ताबरोबर विषाणू तिच्या पोटात जातात. तेथे ते वाढतात आणि सुमारे 8 ते 12 दिवसांत तिच्या लाळेत उतरतात. पुढे ती जगेल तोवर ज्याला चावेल, त्याला रोग देऊ शकते. रोग्याला शिवल्याने किंवा त्याच्याजवळ बसल्याने मात्र हा ताप लागत नाही.

विषाणू शरीरात शिरल्यावर 4 ते 10 दिवसांनी एकाएकी जोराचा ताप येतो. डोके, डोळ्यांच्या खोबणी, सांधे व स्नायू विलक्षण दुखतात. म्हणूनच याला हाडमोड्या ताप असेही म्हणतात. यावर विषाणू मारणारे खास औषध नाही. विश्रांती, भरपूर पातळ पदार्थ आणि डॉक्टरांचा सल्ला हाच उपाय. ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो, म्हणून मनाने औषध घेऊ नये. ताप उतरला म्हणजे संकट टळले, असेही समजू नये. त्याच सुमारास पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, अथवा नाकातून वा हिरड्यांतून रक्त, असे काही दिसल्यास रोग्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

याच जातीचा डास इतर रोगही पसरवतो. दौंडच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात बेलसर नावाचे गाव आहे. तेथे जुलै 2021 मध्ये महाराष्ट्रातील झिका रोगाचा पहिला रुग्ण आढळला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील तपासणीने तो ओळखता आला. या संस्थेचा आरंभ 1952 साली झाला.

मादी आपली अंडी भांड्याच्या आतल्या बाजूस, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर चिकटवते. पाणी आटले तरी ती अंडी कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी चढले, की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. अळीचा कोष आणि कोषाचा डास होण्यास उष्ण हवेत सुमारे आठवडा पुरतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस पाण्याची सर्व भांडी रिकामी करून, आतून घासून, उन्हात वाळवावीत. यालाच 'कोरडा दिवस' म्हणतात. नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही, कारण अंडी भांड्याला तशीच चिकटून राहतात.

पाण्याच्या टंचाईत साठवलेले पाणी ओतून देणे जिवावर येते. परंतु ते वाया जात नाही. ते झाडांच्या आळ्यांत ओतावे; पाणी जमिनीत मुरते आणि अळ्या मातीवर मरून जातात. जो हौद रिकामा करता येत नाही, त्यात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडावेत. टाकीला घट्ट झाकण बसवावे. फुटके माठ, नारळाच्या करवंट्या व जुने टायर उघड्यावर टाकू नयेत. त्यांत साचलेले ओंजळभर पाणीही डासाला पुरते. रोग्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे, म्हणजे त्याला चावून डास रोग दुसऱ्याकडे नेणार नाही.

हा डास फार दूर उडत नाही. बहुधा तो काहीशे मीटरांच्या परिसरातच राहतो. आपल्याला चावलेला डास आपल्या किंवा शेजाऱ्याच्या रांजणात वाढलेला असण्याचाच संभव अधिक. एकाच घराने कोरडा दिवस पाळला, तर शेजारच्या घरातून डास येतच राहतो. साऱ्या आळीने एकच वार ठरवावा. त्या दिवशी प्रत्येक अंगणात घासलेला रांजण उन्हात पालथा घातलेला दिसला, म्हणजे पुढच्या आठवड्यातील डासांची एक पिढी त्या आळीत जन्मालाच येणार नाही.