जुन्या डिस्कमधून नवी डिस्क



वसतिगृहासाठी जुना संगणक देताना बरेच जण विचारतात, "यावर चालवणार काय?" डेबियन ही संगणक प्रणाली मोफत मिळते, तिच्या प्रती काढून वाटायला मुभा आहे आणि २००९ पासून ती संगणकावर बसवतानाच्या सूचना मराठीतही वाचता येतात. अडचण आकाराची आहे. एका डीव्हीडीतला सगळा मजकूर जशाच्या तशा एका मोठ्या फाइलीत भरलेला असतो. तिला इमेज म्हणतात, आणि ती सुमारे चार जीबीची भरते. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद किंवा संग्रामपूर तालुक्यातल्या एखाद्या गावात, रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर तिला तीन दिवस लागतात. तेही रेंज टिकली तर!

बरे, एकदा उतरवली म्हणजे संपले असेही नाही. डेबियन १२ ही आवृत्ती १० जून २०२३ रोजी आली आणि २२ जुलैला तिची सुधारलेली १२.१ आली. चुका व सुरक्षेतल्या फटी बुजवलेल्या असतात, म्हणून नवी घ्यावीच. पण डिस्कवरच्या हजारो फाइलींपैकी बदललेल्या थोड्याच असतात. मग सगळे चार जीबी पुन्हा का ओढायचे?

यावर रिचर्ड ॲटरर यांनी 'जिग्डो' नावाचे साधन तयार केले. जुने घर उतरवून नवे बांधताना आपण धड असलेली कवेलू आणि वासे पुन्हा वापरतो, फुटके तेवढे बाजारातून आणतो. जिग्डोही तेच करते. त्यासाठी आधी दोन लहान फाइली उतरवाव्या लागतात. पहिलीत यादी असते: डिस्कवर कोणत्या फाइली हव्यात, त्या कुठे मिळतील आणि प्रत्येकीचा ठसा काय. ठसा म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण. एक अक्षर बदलले तरी ती बदलते. दुसरी फाइल साच्याची. कोणती फाइल कुठे बसवायची हे तीत असतेच, शिवाय फाइलींच्या मधला किरकोळ मजकूरही असतो. घराच्या भाषेत नकाशा आणि गारा एकत्रच.

पुढे जिग्डो जुनी डिस्क मागते. तिच्यातल्या फाइलींचे ठसे यादीशी जुळवते, जुळतील त्या उचलते आणि उरलेल्याच नेटवरून आणते. मध्येच रेंज गेली तरी आणलेले वाया जात नाही, पुन्हा सुरू केल्यावर काम तिथूनच पुढे चालते. शेवटी पूर्ण इमेजचा ठसा तपासला जातो. तो जुळला, की तयार झालेली डिस्क अक्षरशः मूळ डिस्कच असते, तिच्यात तसूभरही फरक नसतो.

जुनी डिस्क नसेल तर मात्र डेटा वाचत नाही, सगळ्याच फाइली आणाव्या लागतात. १२ वरून १३ अशी मोठी उडी असेल तेव्हाही फारसे हाती लागत नाही, कारण बहुतेक फाइली बदललेल्या असतात.

म्हणून कोणाच्या घरी डेबियनच्या जुन्या डीव्हीडी पडून असतील, तर त्या संगणकासोबतच पाठवा. वर आवृत्तीचा आकडा पेनाने लिहिलेला असला, म्हणजे शोधाशोध करावी लागणार नाही.