डबा कुणाबरोबर खाल्लास?

'मीन गर्ल्स' हा २००४चा अमेरिकी सिनेमा बघताना मी पोट धरून हसले. शाळेतल्या 'पॉप्युलर' मुलींचा दरबार! बुधवारी गुलाबीच घालायचं, नियम मोडला की जेवणाच्या टेबलावर जागा नाही. शेवटी राणी रेजिनालाच तिथून उठवतात. एका वहीत सगळ्यांची उणीदुणी लिहिलेली.

पण गंमत पुढेच आहे. टीना फे यांनी ही पटकथा रोझलिंड वाइजमन यांच्या २००२च्या पुस्तकावरून लिहिली आणि ते पुस्तक म्हणजे कादंबरी नव्हे, तर मुलींच्या आईवडिलांसाठीचं मार्गदर्शन!

मला वाटतं, मारामारीचे वळ दिसतात. अबोला, वाळीत टाकणं घरी दिसत नाही. म्हणून लेकीला मार्कांच्या आधी एवढंच विचारा : आज डबा कुणाबरोबर खाल्लास गं?