गाठीच्या काठावर

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात एक छोटीशी नोंद असते: टी३ एन१ एम०. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात पुढचं बरंचसं तिच्यावरच ठरतं. केमो द्यायची का, किती महिने, नातेवाइकांना काय सांगायचं. टी म्हणजे गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, एन म्हणजे लसिका ग्रंथींपर्यंत पोचली का, एम म्हणजे यकृतात-फुप्फुसात उतरली का. सगळी चौकशी गाठीची! ज्याच्या पोटात ती वाढली, त्याच्या शरीराने तिला काय उत्तर दिलं याची या नोंदीत दखलच नाही. आणि एकाच स्टेजच्या दोन रुग्णांपैकी एकाचा आजार उलटतो, दुसरा ठणठणीत राहतो, हे कर्करोगाच्या डॉक्टरांना काही नवं नाही.

या तफावतीमागे लागले ते पॅरिसमधले जेरोम गॅलाँ, फ्रांक पाजेस आणि वोल्फ फ्रिडमन. २००६ साली 'सायन्स'मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. पद्धत तशी साधी. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ मेणाच्या ठोकळ्यात जपलेली असतेच. तिचे जेमतेम काही मायक्रॉन जाडीचे काप काचपट्ट्यांवर घ्यायचे. एका कापावर सीडी३ ही खूण असलेल्या, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेतल्या सगळ्या टी पेशी, तपकिरी रंगवायच्या. दुसऱ्यावर सीडी८, म्हणजे मारेकरी टी पेशी. मग त्या दोन जागी मोजायच्या: गाठीच्या गाभ्यात, आणि जिथे ती निरोगी भागात घुसत असते त्या काठावर. दोन्हीकडे पेशींची दाटी असलेले रुग्ण जास्त जगले, आणि हे भाकीत रूढ स्टेजपेक्षाही सरस निघालं.

एकाच गटाच्या निष्कर्षावर इतकी मोठी इमारत उभी राहत नाही. म्हणून याच मोजणीला 'इम्युनोस्कोअर' नाव देऊन ती १३ देशांतल्या १४ केंद्रांत पडताळली गेली. २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या या पाहणीत २,६८१ रुग्ण होते. त्यातल्या ७०० जणांच्या पहिल्या गटात पाच वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण वरच्या गुणांकात ८ टक्के, मधल्यात १९ आणि खालच्यात ३२ टक्के होतं.

पण टी पेशी तिथे पोचतात कशा? गाठीतल्या एखाद्या पेशीवर बिघडलेलं प्रथिन दिसलं की टी पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडते. त्याने आजूबाजूच्या पेशी सीएक्ससीएल९ आणि सीएक्ससीएल१० ही रसायनं बनवू लागतात आणि त्यांच्या मागावर आणखी टी पेशी येतात. गोची पुढेच आहे. तोच इंटरफेरॉन गाठीच्या पेशींना पीडी-एल१ नावाचं प्रथिन अंगावर चढवायला लावतो. टी पेशीवरच्या पीडी-१ला ते चिकटलं की तिचा जोर ओसरतो. हल्ल्याची हाक आणि हल्ला थोपवण्याची सोय, दोन्ही एकाच संदेशातून! म्हणजे पेशी नुसत्या मोजून भागत नाही. त्या कामावर आहेत की हतबल होऊन बसल्या आहेत, हेही बघावं लागतं.

हा लगाम काढला तर? जॉन्स हॉपकिन्सच्या २०१५मधल्या अभ्यासात पेम्ब्रोलिझुमॅब हे पीडी-१ रोखणारं औषध आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगावर वापरलं गेलं. डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेल्या १० रुग्णांपैकी चौघांच्या गाठी आक्रसल्या. यंत्रणा शाबूत असलेल्या १८ जणांत एकाचीही नाही. कारण उघड होतं. पहिल्या प्रकारच्या गाठींत सरासरी १,७८२ उत्परिवर्तनं सापडली, दुसऱ्या प्रकारात ७३. जितके बिघाड जास्त, तितकी टी पेशींना ओळख पटण्याची संधी जास्त. नेदरलँड्समधल्या निश-२ अभ्यासात अशाच, पण न पसरलेल्या गाठींवर शस्त्रक्रियेआधी जेमतेम चार आठवडे असाच लगाम काढणारी इम्युनोथेरपी दिली गेली. ६८ टक्के रुग्णांच्या काढलेल्या आतड्यात कर्करोगाची एकही जिवंत पेशी उरली नव्हती. केमोकडून असा निकाल कुणी अपेक्षिलाही नसता.

आता याच आकड्यांवर 'कर्करोगावर रामबाण' छापाचे मथळे येतात, तेव्हा चीड येते. कारण पसरलेल्या आजारात दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेले असे रुग्ण शेकडा चार-पाचच. बाकीच्यांपैकी अनेकांच्या गाठीत टी पेशी मुळात फारशा शिरतच नाहीत. बार्सिलोनातल्या एडुआर्ड बाट्ये यांच्या गटाने २०१८ साली उंदरांत दाखवलं की भोवतालच्या तंतुमय ऊतीतला टीजीएफ-बीटा हा संदेश त्यांना बाहेरच थोपवतो. तो अडवला तेव्हा टी पेशी आत शिरल्या. माणसांत मात्र हा संदेश रोखणं किचकट आहे, कारण निरोगी हृदयापासून जखम भरण्यापर्यंत शरीराला तो हवाच असतो.

तोवर हाताशी असलेली गोष्ट म्हणजे ठोकळ्यात जपलेली ती गाठ. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ या डीएनए दुरुस्तीच्या चार प्रथिनांची रंगचाचणी तिच्यावर करता येते. त्यातलं एखादं गायब असेल तर इम्युनोथेरपीचा विचार होतो, आणि लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष तर नाही ना, हे तपासलं जातं. तो निघाला तर रुग्णाच्या भावंडांची आणि मुलांचीही जनुकीय तपासणी करायची; ज्यांच्यात दोष सापडेल त्यांना बहुतेकदा विशी-पंचविशीतच कोलोनोस्कोपी सुरू करायला सांगतात.