डिंकाचे लाडू

डिंकाचे लाडू हा खाण्याचा डिंक, सुके खोबरे, खारीक, सुकामेवा, गूळ आणि साजूक तूप यांपासून बनविला जाणारा महाराष्ट्रातील एक पौष्टिक गोड पदार्थ आहे. तो प्रामुख्याने हिवाळ्यात आणि बाळंतिणीसाठी केला जातो. हेच मिश्रण तूप लावलेल्या ताटात थापून कापले की त्यास डिंकाच्या वड्या म्हणतात. वेष्टनात विकल्या जाणाऱ्या 'एनर्जी बार'ची घडण याहून फारशी वेगळी नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९८६ मध्ये खेळाडूंसाठी बाजारात आलेल्या 'पॉवरबार'नंतर अशा वड्यांचा प्रसार वाढला. मेवा आणि फळे गोड पाकात बांधून थोडक्या आकारमानात भरपूर ऊर्जा साठविण्याची युक्ती मात्र त्याआधीपासून घरगुती स्वयंपाकात रुळलेली होती. उत्तर भारतातील गोंदाचे लाडू व पंजिरी, गुजरातमधील गुंदरपाक आणि बेळगाव, धारवाडकडील अंटिन उंडे हे याच कुळातील पदार्थ होत.

घटक

खाण्याचा डिंक बाभूळ, धावडा, खैर इत्यादी वृक्षांच्या खोडातून पाझरून वाळतो. बाजारात 'डिंक कतिरा' म्हणून मिळणारा पदार्थ निराळा आहे. तो पाण्यात भिजविला असता फुगतो व सरबतात वापरला जातो. तुपात तळून लाडवासाठी तो चालत नाही.

चव आणि सुगंध यांसाठी वेलदोडा, जायफळ व सुंठ घालतात. बाळंतिणीच्या लाडवात पिंपळमूळही पडते. खसखस, बदाम आणि गोडंबी ऐपतीनुसार कमीअधिक असतात. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या बीमधील गर.

काजू

मालवण किनारपट्टी आणि तिच्या पाठचा कणकवली तालुक्यातील नांदगावसारख्या गावांचा डोंगराळ पट्टा हा काजूचा प्रदेश असल्याने सिंधुदुर्ग जिल्ह्यात या लाडवात बदामाची जागा बरीचशी काजू घेतो. काजूचे झाड मूळचे ब्राझीलमधील. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले. वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने 'वेंगुर्ला' या नावाने काजूच्या अनेक सुधारित जाती विकसित केल्या आहेत. लाडवासाठी अखंड काजूगराची आवश्यकता नसते. फोडताना दुभंगलेली पाकळी किंवा तुकडा यांची चव तीच असते आणि दर कमी असतो.

काजू व बिब्बा ही दोन्ही झाडे आंब्याच्याच कुळातील आहेत. दोहोंच्या टरफलात दाहक तेल असते, त्यामुळे काजूबी घरी फोडणे निर्धोक नाही. बी विस्तवावर भाजताना हे तेल पेट घेते व त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो. त्वचेस तेल लागल्यास फोड येतात. कारखान्यांत बी वाफवून मग यंत्राने कापली जाते, तरीही कापणाऱ्या कामगारांच्या, त्यांत बहुसंख्य स्त्रिया असतात, हातांना हे तेल लागतच असते. हातांस खोबरेल किंवा राख चोळण्याचा जुना उपाय काहीसा उपयोगी पडतो. हातमोजे अधिक सुरक्षित. गोडंबीही नीट स्वच्छ केलेलीच घ्यावी लागते.

कृती

सुमारे ३५ लाडवांसाठी डिंक १०० ग्रॅम, किसलेले सुके खोबरे २५० ग्रॅम, खारकेची पूड २५० ग्रॅम, काजू व बदाम प्रत्येकी १०० ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम, गूळ ४०० ग्रॅम आणि तूप २०० ग्रॅम हे प्रमाण सोयीचे ठरते. घरोघरी त्यात फरक असतो. सुंठ चहाचा एक चमचा व वेलदोड्याची पूड दोन चमचे पुरे होते. जायफळ अर्ध्याहून अधिक घातल्यास कडवटपणा येतो.

सर्वांत कसोटी लागते ती डिंक तळताना. डिंकाचे खडे उन्हात तापवून ज्वारीच्या दाण्याएवढे फोडावेत आणि मध्यम तापलेल्या तुपात थोडे थोडे सोडावेत. खड्यातील अल्प ओलाव्याची वाफ होते, मऊ झालेला डिंक तीमुळे लाहीसारखा फुलतो आणि ठिसूळ बनतो. खडा मोठा असेल किंवा तूप कडकडीत तापलेले असेल, तर वरचा थर फुलून आतला गाभा कच्चा राहतो. असा डिंक लाडवात खड्यासारखा लागतो व दातांना चिकटतो. म्हणून प्रत्येक घाण्यातील एक खडा फोडून पाहण्याची पद्धत आहे. फुललेला डिंक वाटीच्या बुडाने चुरतात. मिक्सरमध्ये त्याचे पीठ झाल्यास खुसखुशीतपणा जातो.

खोबरे मंद आचेवर तांबूस होईपर्यंत कोरडे भाजून हातानेच चुरावे. खसखस वेगळी भाजावी. काजू व बदाम जाडसर कुटून, तर खारकेची पूड थोड्या तुपावर परतून घेतात. खारीक भाजली न गेल्यास तिचा उरलेला ओलावा लाडवांना लवकर बुरशी आणतो.

गूळ चमचाभर तुपासह वितळवून त्यास फेस येऊ लागला की पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून पाहतात. त्याची मऊ गोळी झाली की आच बंद करून सर्व जिन्नस मिसळावेत व मिश्रण सोसवेल इतके गरम असतानाच लाडू वळावेत. वड्यांसाठी पाक किंचित पुढे न्यावा लागतो. मिश्रण कोमट असतानाच सुरीने रेषा पाडाव्या लागतात; गार झाल्यावर कापल्यास त्याचा चुरा होतो. पाक फार पुढे गेला तर चिक्कीसारखा कडकपणा येतो आणि त्यावर उपाय उरत नाही. लाडू वळताना फुटत असतील तर मात्र चमचाभर गरम तूप पुरते.

आहारमूल्य

डिंकाने कंबर बळकट होते, असा पारंपरिक समज आहे. प्रत्यक्षात डिंक हा मुख्यतः विद्राव्य तंतुमय पदार्थ असून लाडवातील ऊर्जा प्रामुख्याने तूप, खोबरे, मेवा आणि गूळ यांतून येते. वरील प्रमाणाने केलेल्या ४० ग्रॅमच्या एका लाडवात सुमारे २०० किलोकॅलरी भरतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार अंगावर पाजणाऱ्या मातेस पहिल्या सहा महिन्यांत दररोज ६०० किलोकॅलरी अधिक लागतात. हिशेबाने तीन लाडवांत ही गरज भागते.

प्रथिनांचा हिशेब मात्र असा जुळत नाही. त्याच शिफारशींत या काळात रोज सुमारे १७ ग्रॅम अधिक प्रथिने सुचविली आहेत आणि तीन लाडवांतून मिळतात जेमतेम सहा ग्रॅम. लाडू खाऊन पोट भरले म्हणून जेवणातील डाळ, कुळथाची पिठी, अंडी किंवा मासळी कमी झाली, तर पौष्टिक म्हणून दिलेला पदार्थच आहार निकृष्ट करतो. गुळातील लोहाबाबतही अतिशयोक्ती होते. ते अल्प असते आणि प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यावयाच्या लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्यांना पर्याय ठरत नाही.

गुळाऐवजी खजूर वापरून केलेल्या वड्या 'शुगर फ्री' म्हणून विकल्या जातात. हे वर्णन दिशाभूल करणारे आहे, कारण खजुराच्या वजनातील निम्म्याहून अधिक भाग साखरेचाच असतो. मधुमेही व्यक्तींनी अशा वड्यांचेही प्रमाण मोजूनच ठरविणे आवश्यक असते. काजू, बदाम यांची ॲलर्जी असणाऱ्यांना हा पदार्थ वर्ज्य आहे. लहान मुलांना जाडसर मेव्यामुळे ठसका लागून श्वास अडकण्याची भीती असते.

साठवण

पाण्याचा अंश जवळजवळ नसल्याने हे लाडू कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात तीन ते चार आठवडे टिकतात. कोकणातील दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, ही मुदत निम्म्यावर येते. गूळ हवेतील ओलावा ओढून घेतो, खोबऱ्यास खवट वास सुटतो. बुरशी आलेले खोबरे वा दाणे भाजून वापरणे धोक्याचे आहे, कारण काही बुरशींपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष घरगुती भाजणीने पूर्णपणे नष्ट होत नाही. ओल्या नारळाचे अळिवाचे लाडू याच हवेत दोन-तीन दिवसांपलीकडे राहत नाहीत.