जिताडा: आधी नर, मग मादी

रायगडच्या खाड्यांतला जिताडा म्हणजेच ऑस्ट्रेलियातला बारामुंडी. ओहोटी लागली की तिवरांच्या मुळांतून पाणी उतरतं, त्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी बाहेर पडते. जिताडा तिथेच दबा धरून असतो. गळ टाकायचा तो मुळांना जवळजवळ खेटूनच. पिसं-धाग्यांची नकली माशी वापरणारे दोरीच्या टोकाला जाड नायलॉन जोडतात. कारण जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची धार बारीक दोरी सहज कापते. बहुतेक जिताडे आधी नर असतात, काही वर्षांनी मादी होतात. या मोठ्या माद्या वाचाव्यात म्हणून क्वीन्सलंडच्या खाड्यांत ५८ सेंटिमीटरहून लहान मासा तर सोडावा लागतोच, १२० हून मोठाही सोडावा लागतो. अलिबाग-पेणकडे असं सुचवलंत, तर लोक आधी तुमच्या तब्येतीची चौकशी करतील!